नियम २९ आणि धीरेंद्रनाथ दत्त

२१ फेब्रुवारीला मातृभाषा दिन आला की ढाक्यात १९५२ साली, बंगालीला पाकिस्तानची राज्यभाषा करा म्हणणाऱ्यांवर झालेल्या गोळीबाराची आठवण निघते. हा वाद सभागृहात पहिल्यांदा उभा राहिला तो मात्र त्याआधी चार वर्षं, ढाक्यापासून हजार मैलांहून जास्त दूर असलेल्या कराचीत. निमित्तही अगदी कोरडं होतं. पाकिस्तानच्या घटना समितीच्या कामकाजाचे नियम ठरत होते. कामकाज उर्दूत किंवा इंग्रजीत चालेल, असं नियम २९ म्हणत होता. पूर्व बंगालातल्या कुमिल्लाचे एक वयस्कर वकील उठले आणि त्यांनी दुरुस्ती मांडली: ‘इंग्रजी’ या शब्दापुढे ‘किंवा बंगाली’ एवढं घालावं. तारीख होती २५ फेब्रुवारी १९४८, आणि वकिलांचं नाव धीरेंद्रनाथ दत्त.

तेव्हा ते एकसष्ट वर्षांचे होते आणि सभागृहात मुळीच नवखे नव्हते. जन्म १८८६ चा, ब्राह्मणबाडियाजवळच्या रामराइल गावातला. वडील मुन्सफ कोर्टात नोकरीला. दत्त कलकत्त्याच्या रिपन कॉलेजात शिकले, वर्षभर मास्तरकी केली आणि १९११ पासून कुमिल्लात वकिली करू लागले. चित्तरंजन दासांच्या हाकेला ओ देऊन ते असहकारात उतरले. १९३७ मध्ये बंगालच्या विधानसभेत निवडून गेले. तिथे त्यांचं लक्ष होतं ते कूळकायदा आणि सावकारी कायद्यासारख्या विषयांवर, म्हणजे जे कायदे शेतकऱ्याच्या थेट उंबरठ्याशी येऊन थांबतात त्यांवर. ‘छोडो भारत’मध्ये तुरुंगवास झाला, १९४६ मध्ये ते पुन्हा निवडून आले. फाळणी झाली तेव्हा पूर्व बंगालातले कितीतरी हिंदू पुढारी कलकत्त्याला निघून गेले. दत्त कुमिल्लातच राहिले आणि पाकिस्तान घटना समितीचे सदस्य झाले. तिथे विरोधी पक्ष म्हणजे काँग्रेसचे मूठभर लोक, जवळजवळ सगळे पूर्व बंगालातले हिंदू.

ही दुरुस्ती काही आभाळातून पडलेली नव्हती. पाकिस्तान व्हायच्या आधीच, १९४७ च्या जुलैत, अलीगढचे डॉ. झियाउद्दीन अहमद यांनी राष्ट्रभाषा उर्दूच असावी असं म्हटलं होतं. भाषाशास्त्रज्ञ मुहम्मद शहीदुल्ला यांनी त्याला लेखी उत्तर दिलं. सप्टेंबरात ढाक्यात तमद्दुन मजलिस ही सांस्कृतिक संघटना स्थापन झाली आणि तिने बंगालीची बाजू घेतली. तेवढ्यात नव्या राज्याचे छापील कागद लोकांच्या हातात पडू लागले. त्यांवर बंगाली नव्हती.

दत्तांनी कराचीत उचललं ते नेमकं हेच. भाषेची थोरवी त्यांनी फारशी गायली नाही. एका गरीब शेतकऱ्याचा मुलगा ढाका विद्यापीठात शिकतो, त्याला पैसे पाठवायला बाप गावच्या पोस्टात जातो आणि मनिऑर्डरचा फॉर्म उर्दूत छापलेला निघतो. मग तो वाचून घ्यायला त्याने दूरच्या शहरी धावायचं. दुसरा शेतकरी जमिनीचा व्यवहार करतो, मुद्रांक विकत घेतो. किंमत उर्दूत लिहिलेली, तेव्हा दिलेल्या पैशाइतका मुद्रांक हाती आला की नाही हे त्याला कळायची सोय नाही. आकडाही त्यांनी सरळ मांडला: राज्याच्या ६ कोटी ९० लाख लोकांपैकी ४ कोटी ४० लाख बंगाली बोलतात. संकुचित प्रांतीय भावनेने मी हे मांडत नाही, असंही त्यांनी आवर्जून सांगितलं. माझ्या मते त्या भाषणाचं बळ मनिऑर्डरच्या फॉर्ममध्ये आहे. आकड्याला उत्तर देता येतं, त्या बापाला काय उत्तर देणार?

मागणी किती लहान होती हे विसरलं जातं. दत्तांनी उर्दू हटवा म्हटलं नव्हतं, इंग्रजीही राहू द्या म्हटलं होतं. तरी पंतप्रधान लियाकत अली खान तापले. त्यांचं म्हणणं असं, की पाकिस्तान हे मुस्लिम राज्य आहे, त्याला मुस्लिम राष्ट्राचीच भाषा हवी, आणि ती उर्दू. दुरुस्तीमागे फूट पाडण्याचा हेतू आहे, असा आरोपही झाला. बाजूने बोलले ते प्रेमहरी बर्मा, भूपेंद्रकुमार दत्त, श्रीशचंद्र चट्टोपाध्याय. सगळे काँग्रेसचे. मुस्लिम लीगचे बंगाली सदस्य पक्षाबरोबर राहिले. फरीदपूरचे तमीझुद्दीन खान विरोधात बोलले. ढाक्याच्या नवाब घराण्यातले, पूर्व बंगालचे मुख्यमंत्री ख्वाजा नझीमुद्दीन यांनी तर आपल्या प्रांतातल्या बहुतेकांना उर्दूच हवी आहे असं सांगून टाकलं. दुरुस्ती फेटाळली गेली.

दत्तांच्या दोन शब्दांना जेवढं जमलं नसतं तेवढं नझीमुद्दीन यांच्या त्या वाक्याने केलं. ढाक्यात दुसऱ्याच दिवशी विद्यार्थी वर्गाबाहेर आले. ११ मार्चला हरताळ झाला, धरपकड झाली. पकडलेल्यांत तरुण शेख मुजीबुर रहमान होते. १५ मार्चला नझीमुद्दीन यांना आंदोलकांशी करारावर सही करावी लागली. पण २१ तारखेला रेसकोर्स मैदानावर जिना यांनी राष्ट्रभाषा उर्दूच असेल असं बजावलं आणि करार कागदावर राहिला.

दत्त कराचीहून परतले त्या वेळची एक हकीकत सांगतात. विमानतळावर शाली पांघरलेले तरुण घोळक्याने उभे होते. आता आपल्यावर हल्ला होणार असं त्यांना वाटलं. जवळ जाताच शालींखालून फुलं निघाली.

एरवी त्यांची गोष्ट इथेच संपवली जाते. कारकीर्द मात्र पुढे बरीच चालली. १९५४ मध्ये संयुक्त आघाडीने पूर्व बंगालात मुस्लिम लीगचा धुव्वा उडवला आणि केंद्राने दोन महिन्यांत फजलुल हक यांचं सरकार बरखास्त करून गव्हर्नरची राजवट लादली. तेव्हा घटना समितीत त्याविरुद्ध स्थगन प्रस्ताव आणणारे दत्तच होते. १९५६ च्या राज्यघटनेने उर्दू आणि बंगाली अशा दोन राज्यभाषा मान्य केल्या. म्हणजे १९४८ मध्ये ज्याला फुटीचं कारस्थान म्हटलं होतं, त्याहून जास्त आठ वर्षांनी देऊन टाकलं. मध्ये माणसं मेली ती मेलीच. त्याच वर्षी दत्त अताउर रहमान खान यांच्या प्रांतिक मंत्रिमंडळात आरोग्यमंत्री झाले. १९५८ च्या लष्करी कायद्याने ते मंत्रिपद गेलं, आणि अयुब खान यांच्या राजवटीने ‘एब्डो’ या आदेशाखाली त्यांना निवडणुकीच्या राजकारणातूनच बाद केलं. १९६५ च्या युद्धात ते नजरकैदेत होते. भारताशी युद्ध लागलं की हिंदू पुढाऱ्यावर संशय, हे तिथे गृहीतच होतं.

बांगलादेशचं मुक्तियुद्ध पेटलं तेव्हा, २९ मार्च १९७१ च्या रात्री, पाकिस्तानी सैन्याने कुमिल्लातल्या घरातून त्यांना आणि त्यांचा मुलगा दिलीप याला उचलून मैनामती छावणीत नेलं. दत्त ८४ वर्षांचे होते. छावणीत त्यांचे हाल झाल्याचं तिथे काम करणाऱ्या एका न्हाव्याने पुढे सांगितलं. दोघांचे मृतदेह कधीच मिळाले नाहीत.

कुमिल्लाच्या स्टेडियमला आज त्यांचं नाव आहे. त्यांची नात आरोमा दत्त २०१९ मध्ये महिलांच्या राखीव जागेवरून बांगलादेशच्या संसदेत गेली.