नळाची धार का तुटते?

गेल्या आठवड्यात आमच्या चाळीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरत होता. नळ सोडलाय, पण धारेच्या जागी पाण्याच्या मोत्यांची माळ, आणि ते मोती हवेत जागच्या जागी थांबलेले. थोड्या वेळानं ते चक्क वर चढू लागतात. सोबत मजकूर: मंत्रानं सिद्ध केलेलं पाणी गुरुत्वाकर्षणालाही जुमानत नाही. शेजारच्या काकूंनी मला गॅलरीत गाठलं. "अगं, तू सायन्सवाली ना? खरं असतं का हे?"

व्हिडिओ खरा आहे, काकू. मंत्राचा मात्र त्यात काही संबंध नाही. आणि ती मोत्यांची माळ आपल्या प्रत्येकाच्या मोरीत रोज तयार होते.

गिरगावात आमच्याकडे पाणी पहाटे येतं. पिंप भरून होतं, पाणी जायची वेळ होते, तेव्हा नळाचा जोर उतरतो आणि सुतळीएवढी बारीक धार उरते. त्या वेळी तोटीच्या अगदी जवळ बोट धरून बघा. धार काचेच्या कांडीसारखी गुळगुळीत लागते, आवाज जवळजवळ नाही. मग बोट वीत-दीड वीत खाली न्या. आता बोटाला गुदगुल्या होतात आणि तडतड ऐकू येते. डोळ्यांना ती अजून धारच दिसते, पण बोटाला कळलेलं असतं की धार संपली, आता थेंब पडताहेत.

का तुटली? कुणालाही विचारा, उत्तर येतं की गुरुत्वाकर्षणानं ओढून तोडली. पडता पडता धार बारीक होते ते गुरुत्वाकर्षणामुळे, हे बरोबर. पण आडवी सोडलेली पिचकारीची धारही तुटते आणि अंतराळयानात सोडली तरी तुटेल. तोडणारा वेगळाच आहे: पृष्ठताण. शाळेत आपण शिकलो की पृष्ठताण पाण्याला धरून ठेवतो, टाचणी तरंगवतो, थेंब गोल करतो. तोच पृष्ठताण धारेचे तुकडे करतो. मला ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा मी कितीतरी दिवस नळासमोर उभी राहत असे, म्हणून इथे जरा सावकाश जाते.

पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या रबरासारखा वागतो. तो वाकलेला असला की आतल्या पाण्याला दाबतो, आणि जितका तीव्र वाकलेला तितका जास्त. 1 मिलिमीटर त्रिज्येच्या धारेत हा जादा दाब सुमारे 72 पास्कल असतो, म्हणजे 7 मिलिमीटर उंच पाण्याच्या थराएवढा. आता कल्पना करा की कुठल्याशा धक्क्यानं धार एका जागी किंचित आवळली आणि शेजारी किंचित फुगली. आवळलेल्या जागी त्रिज्या कमी, म्हणून दाब जास्त. फुगलेल्या जागी दाब कमी. पाणी जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जाणार. म्हणजे बारीक कंबरेतलं पाणी जाड पोटाकडे जातं, कंबर आणखी बारीक होते, दाब आणखी वाढतो. चूक सुधारण्याऐवजी वाढतच जाते. यालाच अस्थिरता म्हणतात.

पण मग धार तोटीतून निघताक्षणीच का तुटत नाही? कारण पृष्ठभागाला दोन वक्रता असतात. एक धारेभोवतीची, बांगडीसारखी. दुसरी धारेच्या लांबीच्या दिशेची, लाटेसारखी. कंबरेपाशी ही दुसरी वक्रता उलट्या बाजूला असते, घोड्याच्या खोगिरासारखी, आणि ती तिथला दाब कमी करते. लाटा जवळजवळ असतील तर ही दुसरी वक्रता जिंकते आणि धार पुन्हा सपाट होते. लाटा लांब असतील तर बांगडी जिंकते आणि धार तुटते. दोघींची बरोबरी होते ती लाटेची लांबी धारेच्या परिघाएवढी असताना. परिघापेक्षा लांब लाट आली की धारेची सुटका नाही.

ही सीमा बेल्जियमच्या जोसेफ प्लॅटो यांनी शोधली. मध्यम वयातच ते पूर्ण अंध झाले होते. घरचे लोक आणि सहकारी प्रयोग करून काय दिसतं ते सांगत आणि प्लॅटो त्यातून नियम काढत. पाणी आणि अल्कोहोल यांच्या, तेलाएवढ्याच घनतेच्या मिश्रणात त्यांनी तेल तरंगत ठेवलं, म्हणजे वजनाचा अडथळाच गेला. त्यांचा ग्रंथ 1873 सालचा. 1878 साली लॉर्ड रॅले यांनी पुढचा प्रश्न सोडवला: परिघापेक्षा लांब लाटा असंख्य आहेत, त्यातली कोणती जिंकते? फार लांब लाटेत पाण्याला दूरवर जावं लागतं, म्हणून ती सावकाश वाढते. परिघाहून जेमतेम लांब असलेल्या लाटेत जोरच नसतो. मधली, त्रिज्येच्या सुमारे 9 पट लांबीची लाट सगळ्यांत वेगानं वाढते. तेवढ्या तुकड्यातलं पाणी गोळा केलं की धारेच्या जवळजवळ दुप्पट व्यासाचा थेंब होतो. आपल्या सुतळीएवढ्या धारेत ही लाट दर 11 मिलिसेकंदांनी पावणेतीनपट होते. पाणी सेकंदाला दीड मीटर वेगानं पडत असेल तर सेकंदाला दीडशेच्या वर थेंब.

आता व्हिडिओ. नळीला स्पीकर लावून ठरावीक कंप दिला की धार अगदी नियमित तुटते. फ्रान्सच्या फेलिक्स सावार यांनी 1833 मध्येच लिहून ठेवलंय की तंतुवाद्याचा सूर लावला की धार लवकर तुटते. मग थेंबांच्याच तालावर उघडझाप करणारा दिवा किंवा कॅमेरा वापरायचा. दर झापेला प्रत्येक थेंबाच्या जागी मागचा थेंब येऊन बसलेला असतो, म्हणून माळ थांबलेली दिसते. कॅमेरा किंचित जलद केला तर मागचा थेंब त्या जागेपर्यंत पोहोचायच्या आतच फोटो निघतो, आणि माळ वर चढते. पाणी आपलं खालीच पडतंय. अशा व्हिडिओंच्या जोरावर कुणी घरी ‘सिद्ध’ पाण्याची यंत्रं विकायला आलं तर कृपा करून पैसे देऊ नका.

तोच कंप कारखान्यात मात्र खरोखर कामाला येतो. शीतपेयाच्या बाटलीवर ठिपक्याठिपक्यांची तारीख बघितली असेल. शाईची बारीक धार कंपानं सेकंदाला हजारो सारख्या थेंबांत तोडायची, हव्या त्या थेंबाला विद्युतभार द्यायचा आणि वळवून बाटलीवर बसवायचा. पावसाळ्यात गॅलरीतल्या दोरीवर ओळीनं लटकणारे थेंबही मुळात याच कारणानं होतात, फक्त तिथे थेंब वजनानं खाली लोंबतात, त्यामुळे अंतराचा हिशेब थोडा बिघडतो.

आणि स्वयंपाकघरात आपण हीच अस्थिरता बोटांवर मोजतो. पाक झाला का बघताना चिमटीत घेऊन बोटं लांब करतो आणि एकतारी, दोनतारी म्हणतो. साध्या पाण्याची तशी केसाएवढी तार सेकंदाच्या हजाराव्या भागातच तुटते, म्हणून दिसतच नाही. पाक त्याहून शेकडो पट दाट. पृष्ठताण तारेला तोडायला तितकाच टपलेला असतो, पण दाट पाक कंबरेतून पोटाकडे लवकर सरकत नाही, म्हणून तार टिकते. आई तारेवरून पाक ओळखते तेव्हा ती त्याचा दाटपणाच मोजत असते.

उद्या सकाळी मोबाईलवर स्लो मोशन लावून बारीक धारेचा व्हिडिओ घ्या, मागे गडद टॉवेल आणि बाजूनं टॉर्च. दोन मोठ्या थेंबांच्या मधोमध एक अगदी छोटा थेंब दिसेल. तो रॅले यांच्या गणितात नाही, कारण त्यांनी लाटा अगदी लहान आहेत असं धरलं होतं. तुटायच्या क्षणी लाट लहान उरलेली नसते. कंबरेचा लांब धागा होतो, तो दोन्ही टोकांना तुटतो आणि उरलेलं पाणी मधे गोळा होतं. काकूंना मी तो छोटा थेंब दाखवला. त्यांनी व्हिडिओ पाच वेळा मागे घेऊन पाहिला आणि मग स्वतःच ग्रुपवर टाकला.