अकिलची सहल आणि स्लीव्हमोरचं ओसाड गाव : पार्श्वभूमी

डब्लिन किंवा गॉलवेला शिकणाऱ्या मुलांची सहल आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या अकिल बेटावर निघाली की बसचे थांबे बहुतेक ठरलेले असतात. किल्डॅवनेटचा बुरूज, मिनॉनचा माथा, कीलची लांबलचक पुळण, स्लीव्हमोरच्या उतारावरचं ओसाड गाव आणि शेवटी कीमचा किनारा. या गटांत हल्ली भारतीय मुलं असतात, त्यात मराठीही. कडे, समुद्र, मेंढ्या यांचे फोटो सगळ्यांनी आधीच पाहिलेले असतात, त्याबद्दल वेगळं सांगायला नको. चौथ्या थांब्यावर मात्र गाइड एका वाक्यात सुटका करून घेतो : "मोठ्या दुष्काळात माणसं गेली, गाव ओस पडलं." प्रकरण इतकं सरळ नाही.

बेटावरची वस्ती जुनी, फारच जुनी. स्लीव्हमोरच्या पायथ्याशी अश्मयुगातली दगडी थडगी आहेत. किल्डॅवनेटचा बुरूज या किनाऱ्यावर सत्ता गाजवणाऱ्या दर्यावर्दी घराण्याचा, आणि त्या घराण्यातल्या सोळाव्या शतकातल्या पराक्रमी बाईची गोष्ट गाइड न विसरता सांगतो. पण आज डोळ्यांना जे दिसतं ते बरंचसं 1830 नंतरच्या घडामोडींतून आलेलं आहे.

गाव म्हणजे डोंगराच्या दक्षिण उतारावर दीडेक किलोमीटर पसरलेली ऐंशी ते शंभर घरं. एकावर छप्पर नाही. भिंती चुन्याशिवाय रचलेल्या दगडांच्या, घर अरुंद आणि लांब. एका टोकाला माणसं, दुसऱ्या टोकाला गुरं, आणि गुरं बांधायच्या कड्या काही भिंतींत अजून दिसतात. खाली उतारभर बटाट्याच्या सरी-वरंबे आहेत. कलत्या उन्हात त्यांच्या सावल्या पडल्या की सगळी शेती एकदम उठून दिसते. आपल्या महसुली दप्तरात अशा गावाला बेचिराख म्हणतील. फक्त हे कधी आणि कोणामुळे बेचिराख झालं, यावर एकमत नाही.

बटाट्यावरच्या रोगाने पडलेला 1845 ते 1849 चा दुष्काळ इथे भीषण होता, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो दुष्काळाच्या आधी आलेल्या आणि नंतर जमीनदार झालेल्या एका मिशनचा. 1831 मध्ये, तेव्हाही उपासमार चालू असताना, एक प्रोटेस्टंट धर्मोपदेशक मदतीचं धान्य नेणाऱ्या बोटीतून या किनाऱ्यावर आला आणि तीन वर्षांत त्याने याच डोंगराच्या दुसऱ्या बाजूला, डूगॉर्टला, वसाहत थाटली. पक्की घरं, शाळा, अनाथाश्रम, छापखाना. 1837 पासून स्वतःचं वर्तमानपत्रही. प्रवाशांसाठी हॉटेलही तिथेच होतं, त्यामुळे अकिलच्या पर्यटनाची सुरुवात कुठून झाली असं विचारलं तर बोट डूगॉर्टकडेच दाखवावं लागतं.

दुष्काळात मिशनच्या शाळांत मुलांना जेवण मिळू लागलं आणि पटसंख्या झपाट्याने वाढली. कॅथलिक बाजूचा आरोप असा, की हा सुपाच्या वाटीवर केलेला धर्माचा सौदा होता. अशा रीतीने पंथ बदलणाऱ्यांना आणि बदलायला लावणाऱ्यांना 'सूप' या शब्दावरून 'सूपर' म्हणत, आणि आयर्लंडच्या पश्चिमेला ही शिवी पिढ्यान्‌पिढ्या टिकली. मिशनचं म्हणणं, भुकेलं मूल दारात आलं, आम्ही खाऊ घातलं. दोन्ही बाजूंचे कागद भरपूर आहेत. अडचण एवढीच, की मिशनने लिहिलं ते इंग्लंडमधल्या देणगीदारांसाठी, आणि विरोधकांनी लिहिलं ते मिशनला उखडण्यासाठी. ज्यांनी जेवण घेतलं त्यांचं म्हणणं कोणीच नीट उतरवून घेतलं नाही.

स्लीव्हमोरच्या दृष्टीने खरा निर्णायक व्यवहार त्यानंतरचा. दुष्काळाने इस्टेटी कर्जात बुडाल्या, जमिनी लिलावाला निघाल्या आणि 1850 च्या दशकाच्या सुरुवातीला बेटाचा मोठा भाग मिशनने विकत घेतला. कालपर्यंत जे धर्माचे विरोधक होते ते आता खंड वसूल करणारे मालक झाले. याच सुमारास स्लीव्हमोरची कुळं उठून समुद्रालगत डूआ गावाकडे सरकली. काही अभ्यासक म्हणतात, खंडासाठी आणि चराईसाठी त्यांना हुसकावलं. काहींच्या मते बटाट्याचा भरवसा गेल्यावर मासे आणि समुद्री शेवाळ जवळ असणं लोकांनाच सोयीचं वाटलं. दोन्ही कारणं एकत्र असायला काही हरकत नाही, पण पहिलं कारण पाट्यांवर क्वचितच सापडतं.

शिवाय माणसं गेली तरी घरं लगेच मेली नाहीत. उन्हाळ्यात डूआची तरुण पोरंपोरी गुरं घेऊन वर यायची, याच घरांत राहून दूध-लोण्याचं काम करायची आणि शरद ऋतूत खाली उतरायची. ही रीत विसाव्या शतकापर्यंत चालली. म्हणजे 'दुष्काळी गाव' म्हटलं की पुढची निदान पन्नास वर्षं पुसली जातात आणि जमीनदारही नामानिराळा राहतो. 1991 पासून इथे उन्हाळी उत्खननाचे वर्ग भरू लागले. देशोदेशीच्या विद्यार्थ्यांनी ही घरं मोजली, खणली, आणि गाव एका फटक्यात रिकामं झालं नसावं हे चित्र पक्कं होत गेलं. तरी जुनं नाव चिकटून आहेच. 1950 च्या दशकात बेटावर येऊन राहिलेल्या, पुढे नोबेल मिळालेल्या एका जर्मन लेखकाने या भिंतींवर लिहिलं, तेव्हापासून युरोपातून येणारे आधी हेच गाव शोधतात.

बाकीचं थोडक्यात. 1887 मध्ये बेट मुख्य भूमीला जोडणारा पूल झाला. 1895 मध्ये रेल्वे पोचली, पण स्थानक राहिलं खाडीच्या अलीकडे, मुख्य भूमीवर. 1894 च्या जूनमध्ये स्कॉटलंडला शेतमजुरीसाठी निघालेले अकिलचे 32 जण क्ल्यू उपसागरात बुडाले. रेल्वेच्या रीतसर उद्‌घाटनाआधीच त्यांचे मृतदेह याच रेल्वेमार्गावरून आले. 1937 मध्ये स्कॉटलंडमध्ये मजुरांच्या निवाऱ्याला आग लागून दहा मुलगे गेले, तेही याच मार्गाने आले आणि महिन्याभरात रेल्वे बंद पडली. पहिली आणि शेवटची गाडी प्रेतं आणील, असं भाकीत म्हणे सतराव्या शतकातच झालं होतं. गाइडला ते तोंडपाठ असतं. मात्र पोटासाठी दरवर्षी समुद्र ओलांडावा लागे, हे त्यामागचं साधं कारण कमी वेळा ऐकू येतं. ज्याच्या आडनावावरून 'बॉयकॉट' शब्द जगभर गेला तो इस्टेटीचा कारभारीही बहिष्काराच्या आधी बरीच वर्षं अकिलवरच शेती करत होता.

कीमची निळाई आता सगळ्यांच्या यादीत पहिली. याच किनाऱ्यावर 1940 च्या दशकाच्या अखेरीपासून 1970 च्या दशकापर्यंत तेलासाठी हजारो बास्किंग शार्क मारले गेले. त्यांना आयर्लंडमध्ये कायद्याचं संरक्षण मिळालं ते 2022 मध्ये. त्याच वर्षी बेटावर चित्रित झालेला एक चित्रपट गाजला आणि कीमच्या अरुंद घाटरस्त्यावर गाड्यांच्या रांगा वाढल्या.

जुन्या रेल्वेच्या जागेवर 2011 पासून वेस्टपोर्ट ते अकिल असा सायकलमार्ग आहे आणि विद्यार्थ्यांचे गट त्यावरून हौसेने येतात. खुला झाला तेव्हा तोही पूर्वीच्या गाडीसारखा खाडीपाशीच संपत होता. तिथून कीम वीसेक किलोमीटर, तेही चढणीचं, त्यामुळे सायकलवाले पुलाशी चहा घेऊन परत फिरतात आणि स्लीव्हमोर बसवाल्यांच्या वाट्याला येतं.