न्याय्य श्रमप्रथा, महासाथीनंतरच्या
कामाचा रास्त मोबदला, ठरलेले तास, सुरक्षित जागा, संघटना करण्याची मुभा आणि भेदभावापासून संरक्षण, एवढ्या गोष्टी न्याय्य श्रमप्रथेत पूर्वीपासून धरल्या जातात. २०२० साली आलेल्या कोव्हिड-१९ च्या महासाथीने त्यांत एका प्रश्नाची भर घातली : आजारपण आणि कामातला खंड यांची झळ कोणी सोसायची? कामाच्या भवितव्याची चर्चा बहुधा यंत्रांभोवती फिरते. पण कामगाराच्या दृष्टीने हा प्रश्न अधिक निकडीचा आहे.

साथ ओसरली की कामगाराचे दिवस आपोआप पालटतात, असे मानायला इतिहासात आधार नाही. चौदाव्या शतकातल्या प्लेगनंतर इंग्लंडमध्ये मजुरांचा तुटवडा पडला आणि मजुरी चढू लागली. तेव्हा राजसत्तेने १३४९ चा वटहुकूम आणि १३५१ चा कायदा करून ती साथीपूर्वीच्या दरांवर बांधून टाकण्याचा प्रयत्न केला. मजुरी पुढे वाढलीच, पण कायद्याला न जुमानता.

संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगभरातले ८.८ टक्के कामाचे तास बुडाले. म्हणजे सुमारे २५.५ कोटी पूर्णवेळ नोकऱ्यांइतके काम. सर्वांत मोठा फटका असंघटित कामगारांना बसला. रोजंदारीवरच्या माणसाला भरपगारी आजारी रजा नसते. ताप असला तरी तो कामावर जातो, कारण खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडणे. त्यातून शेजारी काम करणाऱ्याला लागण होते. त्यामुळे आजारी रजा ही मालकाने दाखवलेली मेहेरबानी नसून सार्वजनिक आरोग्याची गरज आहे, हे या काळात उघड झाले. कागदावरचे हक्कही किती तकलादू असू शकतात, ते खलाशांच्या बाबतीत दिसले. त्यांच्यासाठी २००६ मध्ये संमत झालेला स्वतंत्र आंतरराष्ट्रीय करार आहे. तरीही बंदरे बंद झाल्यावर सुमारे ४ लाख खलाशी मुदत संपूनही जहाजांवर अडकून पडले.

घरून काम करण्याची पद्धत साथीनंतरही अनेक क्षेत्रांत टिकली. तिच्यामुळे विजेचे बिल, इंटरनेट, टेबल-खुर्ची हा कार्यालयाचा खर्च नोकरदाराच्या घरात शिरला. स्पेनने २०२० च्या कायद्याने तो मालकावर टाकला. कामाची वेळ संपल्यावर संपर्क तोडण्याचा हक्क फ्रान्समध्ये २०१७ पासूनच होता. पोर्तुगालने २०२१ मध्ये अशा वेळी कर्मचाऱ्याशी संपर्क न साधण्याचे बंधन मालकावर घातले. कारखान्यात, रुग्णालयात, शेतात राबणाऱ्यांना मात्र घरून कामाची सोय नव्हती आणि आजही नाही.

ॲपवरून काम मिळवणाऱ्यांचा प्रश्न सर्वांत गुंतागुंतीचा आहे. टाळेबंदीत घरोघरी सामान पोहोचवणाऱ्यांना ‘अत्यावश्यक’ म्हटले गेले. कायद्याच्या लेखी बहुतेक ठिकाणी ते स्वतंत्र व्यावसायिकच राहिले. गाडी, इंधन, अपघात सगळे त्यांच्या माथी. पुढच्या ऑर्डरची वाट पाहण्यात गेलेल्या वेळेचे पैसे नाहीत, आणि खाते अचानक बंद झाले तर दाद मागायला समोर माणूस नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये उबरच्या चालकांना कामगार ठरवले आणि ॲप सुरू ठेवून भाडे घेण्यास तयार असलेला वेळही कामाचाच धरला. त्याच वर्षी स्पेनने सामान पोहोचवणाऱ्यांना कर्मचारी मानणारा कायदा केला. युरोपीय संघाच्या २०२४ च्या निर्देशानुसार खाते बंद करण्याचा निर्णय माणसानेच घ्यायला हवा.

जून २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सुरक्षित व आरोग्यदायी कार्यस्थळाला कामगारांच्या मूलभूत हक्कांत स्थान दिले. कामाच्या ठिकाणच्या जैविक (विषाणू, जिवाणू अशा) धोक्यांविषयीचा पहिला आंतरराष्ट्रीय करार, क्रमांक १९२, जून २०२५ मध्ये संमत झाला. तो मंजुरी देणाऱ्या देशांवरच बंधनकारक असतो.