खिडकीच्या वर ड्रिल आत का जात नाही?

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर आली की घरात भिंतीची कामं निघतात. माटोळीसाठी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीसाठी, छताला हूक हवेत, मखरामागे दिव्यांची पट्टी लावायची असते, खिडकीवर नवा पडदा. त्यासाठी बॅटरीवर चालणारं ड्रिल मशीन घेतलं जातं, आणि मग ठरलेली तक्रार सुरू होते: बाकीच्या भिंतीत बिट सरसर गेलं, खिडकीच्या वर मात्र गिलावा ओलांडून अडकलं ते अडकलंच. बिटाचं टोक निळं पडलं, बॅटरी संपली, भोक जेमतेम अर्धा इंच. यावरून लोक एकच अर्थ काढतात, मशीन कमी व्होल्टचं निघालं. हा अर्थ चुकीचा आहे, आणि त्यापायी लोक दुसऱ्यांदा चुकीचं मशीन घेतात.

खिडकीच्या वर लिंटल असतं, म्हणजे सळ्या घातलेलं काँक्रीट. आजूबाजूची भिंत चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची. वरून गिलावा एक आणि रंग एक, त्यामुळे डोळ्यांना फरक दिसत नाही. आतला फरक मात्र प्रचंड आहे. बांधकामाच्या चिऱ्याची दाब सोसण्याची ताकद भारतीय मानकानुसार दर चौरस मिलिमीटरला किमान ३.५ न्यूटन असावी लागते. घरांच्या स्लॅबला नेहमी वापरतात ते एम-२० काँक्रीट २० न्यूटनचं, आणि त्यातली काळ्या दगडाची खडी एकेकटी १०० न्यूटनच्याही पुढे जाते. एकाच भिंतीत हातभर अंतरावर दोन वेगळे पदार्थ आहेत, आणि ते फोडण्याच्या रीतीही वेगळ्या आहेत.

चिरा म्हणजे पावसाने धुऊन उरलेला खडक. लाखो पावसाळ्यांत मूळ दगडातली सिलिका विरघळून जाते, लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहतात. फ्रान्सिस बुकानन याने १८०७ मध्ये केरळातल्या अंगाडीपुरमचा हा दगड पाहून त्याला लॅटराइट हे नाव दिलं. लॅटिनमध्ये ‘लॅटर’ म्हणजे वीट. खाणीतून काढताना तो मऊ असतो, हवा लागली की कडक होतो. पण त्याच्या पोटात पोकळ्या असतात आणि पिवळट-पांढऱ्या मातीचे कप्पेही असतात. म्हणून चिऱ्यात हॅमर मोड लावायचाच नाही. ठोक्यांनी भोकाची कड ढासळते, ६ मिमीचं भोक ८ मिमीचं आणि लंबगोल होतं, प्लग आत नुसता फिरतो. नुसतं फिरणारं, कार्बाइड टोकाचं बिट चिऱ्याला पुरेसं आहे. पोकळ दगड असेल तर प्लगपेक्षा अर्धा मिलिमीटर बारीक बिट घ्यावं.

पहिल्या २० मिलिमीटरनंतर भुकटीचा रंग बघा. गिलाव्याची भुकटी राखाडी असते. ती तांबडी-विटकरी झाली की चिरा लागला. पिवळी, चिकट माती आली तर पोकळ कप्पा आहे, भोक हातभर बाजूला घ्या. भुकटी राखाडीच राहिली, अगदी बारीक झाली आणि बिट थबकलं, तर समोर काँक्रीट आहे.

आता मुद्द्याचं. ‘हॅमर ड्रिल’ म्हणून जे मशीन मिळतं, त्यात हातोडा नसतो. बिट धरणाऱ्या चकच्या मागे दोन दातेरी चकत्या समोरासमोर असतात, एक स्थिर, दुसरी बिटाबरोबर फिरणारी. आपण मशीन भिंतीवर दाबलं की दाते एकमेकांवर चढतात आणि घसरून खाली पडतात. प्रत्येक दात म्हणजे एक ठोका. चकतीला १५ दाते आणि वेग मिनिटाला १,५०० फेरे असेल, तर मिनिटाला २२,५०० ठोके. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापतात तो आकडा हाच.

पण एका ठोक्यात जोर किती? मिनिटाला २२,५०० म्हणजे सेकंदाला ३७५. दोन ठोक्यांच्या मधे २.७ मिलिसेकंद. दातावर चढून मागे उचललेलं मशीन एवढ्या वेळात पुन्हा पुढे यायला हवं, आणि त्याला पुढे ढकलतो फक्त आपला हात. हाताचा जोर १५ किलो वजनाएवढा, म्हणजे १५० न्यूटन धरू. मशीनचं वस्तुमान १.२ किलो. त्वरण झालं १२५ मीटर प्रति सेकंद वर्ग. शाळेतलं सूत्र, अंतर म्हणजे त्वरण गुणिले काळाचा वर्ग भागिले दोन, लावलं की येतं साधारण ०.४५ मिलिमीटर. मशीन याहून जास्त पुढे येऊच शकत नाही, तोवर पुढचा दात त्याला परत मागे ढकलतो. १५० न्यूटन गुणिले ०.४५ मिलिमीटर, म्हणजे एका ठोक्याची ऊर्जा फार तर ०.०७ ज्यूल.

या हिशेबातून दोन गोष्टी निघतात, आणि त्या दुकानात कोणी सांगत नाही. सूत्रात काळाचा वर्ग आहे, म्हणून हाताचा जोर तोच ठेवून ठोक्यांची संख्या दुप्पट केली तर प्रत्येक ठोका एक चतुर्थांश होतो. म्हणजे खोक्यावरचा ठोक्यांचा आकडा मोठा असणं ही ताकदीची खूण नाही. दुसरी गोष्ट, त्वरण आणि ऊर्जा या दोन्हींत हाताचा जोर येतो, म्हणून ऊर्जा जोराच्या वर्गाने वाढते. दुप्पट दाबलं तर चौपट ठोका. शिडीवर चढून डोक्याच्या वर हात करून १५ किलोचा जोर लावणं कठीण, ७ किलो म्हटलं तरी खूप झालं. तेव्हा छतात ठोका पावपटीवर येतो. छतात भोक पडत नाही त्याचं कारण हे आहे. तिथे बॅटरी दुप्पट व्होल्टची लावली तरी हा हिशेब बदलत नाही, कारण त्यात व्होल्ट कुठेच नाहीत.

काँक्रीट ठिसूळ आहे. ते फोडायला ठोक्याने किमान एक चीर उमटवावी लागते. चीर उमटेल इतका जोर नसेल तर लाखभर ठोके मारूनही खडीचा दाणा फक्त घासला जातो, गुळगुळीत होतो आणि तापतो. ती उष्णता बिटात शिरते, आणि टोकावरच्या टंगस्टन कार्बाइडची जोडणी सुटते.

एसडीएस रोटरी हॅमर (एसडीएस ही खाचा असलेलं बिट पकडण्याची पद्धत) याच ठिकाणी वेगळा पडतो, आणि त्याची रचना खरोखर देखणी आहे. मोटर एक दट्ट्या पुढे-मागे हलवते. त्याच नळीत दट्ट्याच्या पुढे पोलादाचा एक सुटा तुकडा असतो. दोघांना जोडणारं काहीच नाही, मधे फक्त कोंडलेली हवा. दट्ट्या मागे गेला की हवा विरळ होते आणि तुकडा मागे ओढला जातो. दट्ट्या पुढे आला की हवा दाबली जाते, स्प्रिंगसारखी उसळते आणि तुकडा पुढे फेकला जातो. तो बिटाच्या मागच्या टोकावर आपटतो. लहान यंत्रात एका ठोक्याची ऊर्जा १ ते २ ज्यूल असते. तुकडा १०० ग्रॅमचा धरला तर २ ज्यूलसाठी त्याचा वेग सेकंदाला सहा मीटरच्या वर लागतो, आणि हा वेग त्याला हवा देते, आपला हात नाही. ठोके मिनिटाला ४,००० च्या आसपास, म्हणजे कितीतरी कमी, पण प्रत्येक ठोका साध्या हॅमर ड्रिलच्या पंधरा ते तीसपट.

बिटाची पकडही निराळी. एसडीएस-प्लस बिटाचा दांडा १० मिमी जाड असतो, त्याला खाचा असतात, आणि तो चकमध्ये सैलच बसतो, थोडा मागे-पुढे सरकतो. त्यामुळे ठोका थेट बिटाला मिळतो. तीन जबड्यांच्या चकमध्ये बिट घट्ट आवळलेलं असतं, तिथे ठोक्याला चक आणि दांडा सगळंच हलवावं लागतं. एसडीएस यंत्र जोरात दाबू नये. बिट मागे सरकून नळीतलं हवा सुटण्याचं भोक बंद होईल इतकाच जोर पुरे. जास्त दाबलं तर ठोका उलट मंदावतो.

म्हणून माटोळीच्या हुकांसाठी एसडीएस यंत्र भाड्याने आणणं किंवा गवंड्याकडून तासाभरासाठी घेणं हेच शहाणपणाचं. नारळ, सुपारीचे घोस, फळं धरून माटोळी जड होते आणि ते वजन दिवसभर टांगलेलं राहतं. प्लॅस्टिकचा प्लग सरळ खाली ओढ असेल तर हळूहळू सरकतो, छताला तो वापरू नये. एम-८ चा, म्हणजे ८ मिमी आट्यांचा, धातूचा ड्रॉप-इन अँकर घ्या, तो भोकात बसून आत फुगतो: १० मिमीचं भोक, ३० मिमी खोल. भुकटी फुंकून काढा, अँकर हलक्या हातोडीने बसवा, आणि त्याच्याबरोबरचा पंच आत पूर्ण ठोका. पंच मारायचा राहिला तर अँकर फुगतच नाही आणि हूक हातात येतो. चार कोपऱ्यांना चार हूक करा. बिट एकदम थांबलं आणि धातूचा आवाज आला तर सळी लागली आहे. ती कापू नका, भोक चार सेंटिमीटर बाजूला घ्या. डोळ्यांना चष्मा हवाच, आणि कागदी पेला तळातून भोसकून बिटावर चढवला की भुकटी तोंडावर पडत नाही.

ईशान्येच्या भिंतीत भोक पाडू नये असं सांगणारे अजून भेटतात. भिंतीला दिशेने काही फरक पडत नाही. भोक कुठे पाडू नये हे वायरिंग ठरवतं: स्विचबोर्डाच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत नाही, छतात पंख्याच्या डबीपासून स्विचबोर्डाच्या भिंतीकडे जाणाऱ्या रेषेत नाही. बॅटरीच्या मशीनचा मोठा फायदा इथे आहे, घरातला मेन स्विच बंद करून काम करता येतं.

आता व्होल्ट. लिथियम-आयन सेलचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२. पाच सेल ओळीने जोडले की सरासरी १८ आणि भरल्यावर २१. म्हणजे १८, ‘२० मॅक्स’ आणि २१ हे तिन्ही आकडे एकाच पाच सेलच्या बॅटरीचे आहेत. तीन सेलची १०.८ व्होल्टची बॅटरी ‘१२ व्होल्ट’ म्हणून विकली जाते. ऑनलाइन दिसणारी ४८ व्होल्टची स्वस्त मशीनं ही सरळ फसवणूक आहे, आणि ती स्वयंपाकघरातल्या काट्यावर पकडता येते. नेहमीचा १८६५० आकाराचा सेल ४५ ते ४८ ग्रॅमचा असतो. ४८ व्होल्टला असे १३ सेल लागतील, म्हणजे नुसत्या सेलचं वजन ६०० ग्रॅम. बॅटरी ३५० ग्रॅमची भरली तर आत पाचच सेल आहेत. अँपिअर-तासांचंही, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्या आकड्याचंही, तसंच: या आकाराचा उत्तम सेलही ३.५ च्या आसपास थांबतो, मग पाच सेलची हलकी बॅटरी ‘६ अँपिअर-तास’ कुठून देणार?

टॉर्कचा, म्हणजे पिळण्याच्या जोराचा, आकडाही नीट वाचावा. ५० न्यूटन-मीटर हा जोर बिट अडून थांबतानाचा, क्षणभराचा असतो. मोटर बाहेर ३०० वॉट देत असेल तर मिनिटाला ४०० फेऱ्यांवर सतत मिळणारा टॉर्क सातच्या आसपास, आणि १,५०० फेऱ्यांवर दोनच्याही खाली. स्क्रू पिळायला पहिला गिअर आणि भोक पाडायला दुसरा, तो याचसाठी.

चिऱ्याच्या घरात पडदे, फोटो, कपाटाचे कब्जे, दाराची कडी एवढीच कामं असतील तर १२ व्होल्ट गटातलं, ३० न्यूटन-मीटरचं, १० मिमी चकचं ड्रिल पुरतं. २ अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या घ्या. एक मोठी घेण्यापेक्षा ते बरं, हात हलका राहतो. त्यात हॅमर मोड असला तर लिंटलमध्ये ६ मिमीचं एखादं भोक दम धरून पडेल. फ्लॅटमध्ये बीम आणि स्लॅबचीच कामं जास्त असतील तर मोठं हॅमर ड्रिल घेऊच नका, १८ व्होल्टचा लहान एसडीएस-प्लस हॅमर घ्या. ‘इम्पॅक्ट ड्रायव्हर’ हे तिसरंच यंत्र आहे: ते ठोके फिरण्याच्या दिशेने मारतं, लांब स्क्रू पिळायला उत्तम, भिंतीला निरुपयोगी. दुकानात इम्पॅक्ट हा शब्द ड्रिललाही लावतात, तेव्हा चक बघा. षटकोनी भोक दिसलं तर तो ड्रायव्हर.

चिऱ्यात टिकायचं तर प्लग लांब हवा. गिलावा १५ ते २० मिमी असतो आणि तो वजन धरत नाही. ३५ मिमीच्या प्लगचा जेमतेम अर्धा भाग दगडात जातो. ८ मिमी जाडीचा, ६० ते ८० मिमी लांब प्लग, ५ मिमीचा स्क्रू, आणि भोक प्लगपेक्षा १० मिमी जास्त खोल. दोन चिऱ्यांमधल्या सांध्यात भोक नको. जुन्या घरांत तिथे मातीच असते. सागाच्या किंवा फणसाच्या जुन्या चौकटीत ४ मिमीच्या स्क्रूआधी ३ मिमीचं भोक पाडा, नाहीतर स्क्रूचं डोकं तुटतं आणि धड लाकडात राहतं.

बॅटरी महिन्यातून एकदा पूर्ण रिकामी करावी, हा सल्ला निकेल-कॅडमियमच्या काळातला. लिथियमला त्याने इजाच होते. काम नसेल तेव्हा निम्म्या चार्जवर, मशीनमधून काढून, थंड जागी ठेवा; उन्हात उभ्या गाडीत नको. आपल्या पावसाळ्यात चार महिने हवा ओली, आणि किनाऱ्याजवळ तिच्यात मीठही. चकच्या जबड्यांवर मशीन-तेलाचा एक थेंब टाकून ते उघड-बंद करा, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. बॅटरीच्या पितळी पट्ट्यांवर हिरवट थर दिसला तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापूस बुडवून पुसा, सँडपेपर नको. वरचा मुलामा निघाला की पट्टी पुढच्या पावसात दुप्पट वेगाने गंजते.