साताऱ्याच्या पिन कोडचे अवयव

सांगलीचा पिन कोड ४१६४१६. लक्षात ठेवायला सोपा, अवयव पाडायला त्याहून सोपा. कोणतीही तीन अंकी संख्या लागोपाठ दोनदा लिहिली की तिला १००१ ने गुणल्यासारखं होतं, आणि १००१ म्हणजे ७ × ११ × १३. ४१६ चे अवयव पाच वेळा २ आणि एकदा १३. झालं! या पिनला तब्बल ७२ विभाजक आहेत. (आपण स्वल्पविराम ४,१६,४१६ असा देतो, त्यामुळे ही पुनरावृत्ती झाकली जाते.)

सातारा शहराचा पिन ४१५००१ मात्र हट्टी. शेवटी १, म्हणून २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ११, म्हणून ३ बाद. ७, ११, १३, १७... प्रत्येक वेळी काहीतरी बाकी उरतेच. ८३ ने भागताना तर ४१५००० ला भाग जातो आणि नेमका १ उरतो, चिडवल्यासारखा. वर्गमूळ ६४४ च्या किंचित पुढे, म्हणजे तिथपर्यंतच्या ११७ मूळ संख्या तपासायच्या. भाग जातो तो ११२ व्या संख्येने, ६१३ ने. ४१५००१ = ६१३ × ६७७, आणि दोन्ही मूळ. विभाजक अवघे चार.

एवढी भागाकारांची हमाली करायची गरज नव्हती, ही यातली खरी गंमत. सतराव्या शतकातला फ्रेंच कायदेपंडित फर्मा याने १६४३ च्या सुमारास एक युक्ती सांगितली. दिलेल्या संख्येपेक्षा मोठा असा सर्वांत जवळचा वर्ग घ्यायचा आणि त्यातून ती संख्या वजा करायची. उत्तर पूर्ण वर्ग आलं तर काम फत्ते. नाही तर पुढचा वर्ग घ्यायचा. इथे ६४५ चा वर्ग ४१६०२५. वजाबाकी १०२४, म्हणजे ३२ चा वर्ग. शाळेतलं (अ − ब)(अ + ब) हे सूत्र वापरा: ६४५ − ३२ आणि ६४५ + ३२. ६१३ आणि ६७७, पहिल्याच फटक्यात!

असं झालं कारण हे दोन अवयव एकमेकांना फार जवळचे. अवयव दूरदूर असले की हीच युक्ती साध्या भागाकारापेक्षाही रेंगाळते. त्यामुळे एखादी संख्या फोडायला अवघड की सोपी, हे नुसत्या अंकांच्या संख्येवरून सांगणं मला धाडसाचं वाटतं.

इंटरनेटवरची आरएसए ही कुलूपबंद पद्धत याच अवघडपणावर उभी आहे: दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार सगळ्यांना दाखवायचा, अवयव लपवायचे. आरएसए-२५० ही २५० अंकी संख्या २०२० मध्ये फुटली, तीही असंख्य संगणक जुंपून. पण २०२२ मध्ये काही प्रिंटरांच्या त्याहून कितीतरी लांब आरएसए चाव्या (म्हणजे असेच गुणाकार) क्षणात फुटल्या. त्या बनवणाऱ्या सॉफ्टवेअरने दुसरी मूळ संख्या पहिलीच्या शेजारीच शोधली होती, आणि फोडणाऱ्याने वापरली ती फर्माचीच वजाबाकी.