लाल पट्टीमागची चाळीस वर्षं: मॅक्रो वाटण्याची पार्श्वभूमी

पणजीच्या कार्यालयातून वेर्ण्याच्या कारखान्यात मॅक्रोची, म्हणजे कामं आपोआप करणाऱ्या कोडची, एक्सेल फाइल ईमेलने गेली, की तिकडे ती मॅक्रो रोखल्याची लाल पट्टी घेऊन उघडते. बटण दाबून काहीच होत नाही. तीच फाइल पेनड्राइव्हवरून नेली तर बऱ्याचदा मुकाट चालते.

या गोंधळाचं मूळ जुनं आहे. 1983 च्या लोटस 1-2-3 या स्प्रेडशीट प्रोग्रॅममध्ये मॅक्रो म्हणजे ओळीने दाबायच्या कळा, आणि त्या लिहायच्या शीटच्याच खान्यांत. शीट दिली की मॅक्रो आपोआप दिला. 1993 मध्ये एक्सेल 5 बरोबर मॅक्रो लिहायला व्हीबीए आलं, भाषा पूर्ण बदलली, पण कोड आकड्यांसोबत एकाच फाइलीत राहायची पद्धत तशीच राहिली. फाइलीच्या नावावरून आत कोड आहे की नाही, हे कळायची सोय नव्हती.

1996 मध्ये लारू या विषाणूने नेमका याचाच फायदा घेतला. एक्सएलस्टार्ट फोल्डरात तो स्वतःची पर्सनल वर्कबुक ठेवायचा. आपले नेहमीचे मॅक्रो आपणही तिथेच ठेवतो, कारण त्यातली फाइल एक्सेलबरोबर उघडते. मग उघडेल त्या वर्कबुकला लागण. त्यानंतर धोक्याची सूचना आली खरी, पण लोक ती न वाचताच ‘एनेबल’ दाबू लागले.

2007 मध्ये फाइलींची जात वेगळी झाली: एक्सएलएसएक्समध्ये मॅक्रो राहतच नाही, त्यासाठी एक्सएलएसएम हवी. सेव्ह करताना येणाऱ्या प्रश्नाला घाईत ‘येस’ म्हटलं आणि फाइल बंद केली, की कोड गेलाच. 2010 पासून 64 बिटचं ऑफिस आलं. विंडोजची फंक्शनं बोलावणाऱ्या जुन्या ‘डिक्लेअर’ ओळींत ‘पीटीआरसेफ’ हा शब्द नसेल, तर अशा मशीनवर मॅक्रो कंपाइलच होत नाही.

लाल पट्टी 2022 ची. इंटरनेटवरून आलेल्या फाइलीवर विंडोज एक खूण लावतं, आणि ती दिसली की ऑफिस मॅक्रो थेट रोखतं. खूण राहते एनटीएफएस मांडणीच्या डिस्कवर. पेनड्राइव्ह सहसा फॅट32 किंवा एक्सफॅट असतो, त्यात ती टिकत नाही. पाठवणाऱ्यावर भरवसा असेल तर फाइल बंद करा, राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि जनरल टॅबच्या तळाशी ‘अनब्लॉक’वर खूण करा. झिप असेल तर उलगडण्याआधी झिपच अनब्लॉक करायची.

कोड आकड्यांपासून वेगळा ठेवायची सोय मात्र आधीपासून होती: ॲड-इन, म्हणजे एक्सेलला जोडायची कोडची फाइल, आजची एक्सएलएएम. ती सर्व्हरच्या सामायिक फोल्डरात एकच ठेवावी, रीड-ओन्ली करून. जोडताना ‘तुमच्या ॲड-इन फोल्डरात प्रत करू का’ असं एक्सेल विचारतं. तिथे ‘नो’ म्हणायचं. ‘येस’ म्हणणाऱ्याकडे पुढची दुरुस्ती कधीच पोहोचत नाही. फोल्डर ट्रस्टेड लोकेशन (जिथले मॅक्रो एक्सेल अडवत नाही अशी जागा) करायचं तर नेटवर्कवरच्या जागांना परवानगी देणारी वेगळी खूणही लागते. ती बहुतेकांची राहून जाते.

यात गोव्याची स्वतःची भर आहे. व्हीबीएच्या खिडकीत थेट लिहिलेलं देवनागरी प्रश्नचिन्हं होऊन बसतं. मराठी शीर्षकं एखाद्या शीटवर ठेवून तिथून वाचावीत, किंवा व्हीबीएच्या सीएचआरडब्ल्यू या फंक्शनने आकड्यावरून अक्षर घडवावं (क साठी 2325). गावांची नावं तर रोमन लिपीत दोन-दोन: पोर्तुगीज वळणाचं बिचोली आणि मराठी डिचोली, पांजिम आणि पणजी. ‘ऑप्शन कम्पेअर टेक्स्ट’ ही व्हीबीएची ओळ लहान-मोठ्या अक्षरांचा भेद मिटवते, स्पेलिंगचा नाही; म्हणून बारा तालुक्यांना आकडी कोड देणं बरं.

तारखांचा घोळ सगळ्यात फसवा. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेली साध्या मजकुराची फाइल) हाताने उघडली की विंडोजच्या भारतीय सेटिंगप्रमाणे तारखा बरोबर येतात, मॅक्रोने उघडली की अमेरिकी क्रमाने: 05/06 म्हणजे 5 जूनचा 6 मे होतो, 25/06 नुसता मजकूर राहतो. उघडण्याच्या आज्ञेत ‘लोकल’ला ‘ट्रू’ दिलं की हे थांबतं.