मुरुमावर टूथपेस्ट लावून काय होतं?

रात्री मुरुमावर टूथपेस्ट लावली की सकाळपर्यंत तो बसतो, हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. मुरूम वरून थोडा सुकतो, हे खरं. पण तो तयार होतो त्वचेच्या छिद्रात: तेल आणि मृत पेशी अडकतात, जंतू वाढतात, सूज येते. पेस्टने तो बोळा निघत नाही. तिच्यातलं मेंथॉल आणि फेस आणणारं सोडियम लॉरिल सल्फेट वरच्या त्वचेची मात्र आग करतात. मग लाल चट्टा, सालपटं आणि मुरुमापेक्षा जास्त टिकणारा काळा डाग. लिंबाच्या रसाचंही तेच; वर ऊन लागलं तर फोडही येऊ शकतात.

त्यापेक्षा मुरुमाचे जंतू मारणारं २.५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइडचं जेल घ्या. चेहरा धुऊन कोरडा करा आणि मुरूम येतात त्या सगळ्या भागावर पातळ थर लावा, सुरुवातीला एक दिवसाआड. (अभ्रा पांढराच ठेवा, रंगीत कापडाचा रंग उडतो.) बारीक काळे-पांढरे ठिपके जास्त असतील तर रात्री वाटाण्याएवढं ०.१ टक्के ॲडापलीन (छिद्रं मोकळी ठेवणारं औषधी जेल) अख्ख्या चेहऱ्याला, गरोदरपणात नाही. सुरुवातीला मुरूम वाढल्यासारखे वाटतात आणि अनेकजण नेमकं तिथेच सोडून देतात. फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात. खोल, दुखऱ्या गाठी असतील तर खड्डे पडायच्या आत त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.